खाऱ्या वाऱ्यातली गाडी: विटलेले आरसे, पट्ट्या आणि रूफ रेल घरी कसे रंगवावेत

वेंगुर्ल्याला बंदरापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. अंगणात उभी असलेली लाल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. तिचा पत्रा अजून ठणठणीत आहे, पण साइड मिररची कव्हरं, दारांची हँडलं, टपावरचे रेल आणि वायपरचे आर्म सहाव्या वर्षीच विटले. लाल कव्हरं वरच्या बाजूने गुलाबट-पांढरी झाली आणि काळे रेल राखाडी पडले. त्या साली मे महिन्यात मी हौसेने दोन स्प्रे कॅन आणले, कव्हरं घासली, रेल घासले आणि रंग मारला. आठ दिवस गाडी नव्यासारखी दिसत होती. मग पाऊस लागला. श्रावण सरायच्या आत रेलवर तांदळाएवढे फोड आले. एक नखाने फोडला तर आतून पाणी निघालं, आणि त्याखालचं अ‍ॅल्युमिनियम पांढुरकं पडलेलं.

गावातल्या एका जुन्या पेंटरकाकांना तो रेल दाखवला. त्यांनी फोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "झिला, आधी खार काढ, मगे रंगाचा बघूया." त्यानंतर मी हे काम चार वेळा केलंय, दोनदा आमच्या गाडीचं आणि दोनदा शेजाऱ्यांच्या. खार धुण्याला जितका वेळ दिला तितका रंग टिकला, हाच दरवेळचा अनुभव. रंगाचा ब्रँड, कॅनची किंमत, हाताचं कसब या सगळ्याचा नंबर त्यानंतर लागतो.

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. रंगाचा थर डोळ्यांना काचेसारखा अखंड दिसला तरी पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातच असते. खाली मिठाचा कण राहिला असेल तर ती वाफ त्याच्याभोवती जमते, खारट पाण्याचा थेंब होतो आणि तो थेंब आणखी पाणी ओढत राहतो. तो फुगला की रंग वर उचलतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात जी हयगय खपून जाते ती किनाऱ्यावर पहिल्याच पावसात उघडी पडते.

हातात काय आहे ते आधी ओळखा

गाडीच्या बाहेरच्या पट्ट्या आणि कव्हरं दिसायला सारखी असली तरी सगळी एका जातीची नसतात. बंपरची खालची कड, चाकावरच्या कमानी, वायपरखालची जाळी हे बहुतेक गाड्यांत रंग न दिलेलं खरखरीत काळं प्लास्टिक असतं. रंग मुळातच प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो. ते पांढरं पडलं तर त्यावर रंग मारू नका. त्यासाठी प्लास्टिक ट्रिम रिस्टोरर मिळतो, तो वेगळा विषय आहे. दोन दारांमधल्या खांबावरचा काळा भाग काही गाड्यांत रंग असतो तर काहींत चिकटवलेली फिल्म. कडेला नख लावून पाहा, फिल्म असेल तर कड उचलली जाते. फिल्म रंगवण्यात अर्थ नाही. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून ती सोलून काढायची आणि नवी लावायची.

आता उरला खरा रंगवलेला भाग: साइड मिररची कव्हरं, हँडलं, स्पॉयलर, ग्रिलची चौकट, रूफ रेल, वायपरचे आर्म. यावर रंगाचे दोन प्रकार सापडतात. बॉडीच्या रंगाचे भाग असतील तर खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. रेल, वायपर यांच्यावर बहुधा एकच सॅटिन (अर्धवट चमकीचा) काळा थर असतो. फरक ओळखायला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, किंवा होता तो गेलाय.

पुढची परीक्षा पाण्याची आहे आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. विटलेल्या जागेवर ओला हात फिरवा. पाणी लागताच रंग गडद, मूळ रंगासारखा झाला आणि वाळल्यावर परत फिका पडला, तर वरचा थर फक्त भुकटलाय आणि पॉलिशने तो परत येईल. ओला असतानाही पांढरे ठिपके, नकाशासारखे पट्टे किंवा कडा उचललेले पापुद्रे दिसत असतील तर क्लिअर कोट मेला. त्यावर कितीही पॉलिश घासा, उरलासुरला थरही जाईल. क्लिअर कोटमध्ये ऊन शोषून घेणारी रसायनं मिसळलेली असतात. ती वर्षांनुवर्षं झिजत जातात आणि संपली की थर ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून आकाशाकडे तोंड असलेला भाग आधी जातो आणि त्याच कव्हराची खालची बाजू नवी दिसते.

पॉलिशने भागत असेल तर तिथेच थांबा

फक्त भुकटलेला रंग असेल तर रंगकामात पडूच नका. गाडी शाम्पूने धुवा. जांभ्याची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, ती वॉटर पेपरसारखीच (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) ओरखडते. मग क्ले बार (रंगावर चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) ओला करून फिरवा. बोटांना जी खरखर लागत होती ती गेली की फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (भुकटलेला थर घासून काढणारी पेस्ट) घ्या आणि हातभर जागेत हातानेच घासा. कारखान्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. कव्हराच्या कडांवर तो आणखी विरळ असतो, त्यामुळे कडांवर मशीन लावू नका आणि हातही दोन-तीनदाच फिरवा. कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, त्यावर सीलंट (मेणासारखाच रंग राखणारा लेप) किंवा मेण. इतकं केलं की दोन पावसाळे सहज निघतात.

सॅटिन किंवा मॅट काळ्या भागाला मात्र कंपाउंड लावू नका. तो जागोजागी चकाकायला लागतो आणि ती चकाकी परत घालवता येत नाही.

खोबरेल, डिझेल, रॉकेल, डॅशबोर्डचं पॉलिश हे घरोघरचे उपाय आहेत. त्यांनी चार दिवस काळं दिसतं, मग त्यावर धूळ आणि खार दोन्ही चिकटून बसतात. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकोन तर पुढच्या रंगकामाचा शत्रूच. त्याचा अंश राहिला की नवा रंग त्या जागेवरून बाजूला पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ज्या भागाला रंग द्यायचाय त्याला निदान महिनाभर आधीपासून असलं काही लावू नका.

मुहूर्त: दिवाळीनंतर, मतलई वाऱ्यात

मी पहिल्यांदा मे महिन्यात रंगवलं ही चूकच होती. मेमध्ये हवा दमट असते, घाम वाळत नाही तसा रंगही वाळत नाही. स्प्रेमधला द्राव उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत उघड्यावर रंगकाम होत नाही.

दिवाळी उलटली की हवा सुकते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत या कामाचे दिवस. त्यातही वेळ निवडावी लागते. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई, बऱ्यापैकी कोरडा. दुपार व्हायला लागली की वारा फिरतो आणि समुद्रावरून जमिनीकडे येतो. तो खारा, मिठाची बारीक धूळ सोबत आणणारा. सकाळी लवकर सुरुवात करावी तर दंव असतं. म्हणून दंव वाळल्यावर, साधारण साडेनऊ-दहाला सुरू करून खारा वारा सुटायच्या आत शेवटचा हात संपवायचा. आमच्याकडे डिसेंबरात एवढ्यात अडीच-तीन तास मिळतात. माडाच्या झावळ्यांकडे लक्ष ठेवा, त्या कुठल्या दिशेने हलतात यावरून वारा फिरलेला लगेच कळतो.

घासकाम, धुणं, पुसणं आदल्या दिवशी उरकून ठेवा. भाग रात्रभर घरात, बंद खोलीत ठेवा. अंगणात ठेवलेत तर सकाळपर्यंत त्यांच्यावर पुन्हा खार बसलेला असेल.

भाग सुटे करणं

सुटा निघणारा प्रत्येक भाग काढूनच रंगवा. गाडीवर ठेवून मास्किंग टेप लावून रंगवता येतं, पण टेपखालच्या कडेत साठलेला खार निघत नाही आणि पुढचे फोड नेमके तिथेच येतात.

साइड मिररचं कव्हर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या खटक्यांवर बसलेलं असतं. काही गाड्यांत आधी आरशाची काच काढावी लागते. तुमच्या गाडीचं कसं आहे ते आधी पाहून घ्या, जोर लावून शिकू नका. थंडीच्या सकाळी खटके कडक असतात आणि मोडतात. गाडी अर्धा तास उन्हात ठेवली की प्लास्टिक मऊ होतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा. रेलच्या बोल्टांवरच्या टोप्या काढल्यावर आत भरलेली तांबडी माती आणि मिठाचे पांढरे खडे दिसतील. तिथे नीट लक्ष द्या. रेल काढल्यावर टपावरच्या भोकांवर टेप लावायला विसरू नका, आणि बसवताना रबरी वॉशर नवे घाला, नाहीतर पावसात पाणी थेट आत गळेल.

काढलेल्या भागाची मागची बाजू पाहा. प्लास्टिकवर इंग्रजी अक्षरांत त्याचा प्रकार छापलेला असतो. एबीएस असेल तर रंग चांगला धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, किंवा पीपीपुढे आणखी काही अक्षरं जोडलेली असतील, तर ते प्लास्टिक रंगाला जवळ करत नाही. त्याला आधी प्लास्टिकसाठीचा चिकट प्रायमर लागतो. हा फरक न पाहता मारलेला रंग पुढे सालीसारखा अखंड सोलून निघतो.

खार काढणं

या कामाला मी अख्खा एक दिवस देतो. पहिली गोष्ट पाण्याची. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलात मचूळ होतात, काही तर बारमाही मचूळ असतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ मिठाने धुणं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. नळाचं गोडं पाणी घ्या. शेवटच्या धुण्याला मी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून ठेवतो आणि स्वच्छ फडक्यातून गाळून वापरतो. हवेतल्या वाफेचं ते पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. घरातल्या आरओ यंत्राचं बाजूला पडणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

कोमट पाण्यात कार शाम्पूचे काही थेंब घाला. जुन्या टूथब्रशने कडा, खाचा, खटक्यांची मुळं, स्क्रूची भोकं घासा. आतली बाजूही घासा. ती रंगवायची नसली तरी तिथला खार ओघळून कडेवर येतो. मग भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर प्लास्टिकचे लहान भाग बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, तासाभराने पाणी बदला, आणि पुन्हा रात्रभर भिजवा. खाचांत, तड्यांत शिरलेलं मीठ वरवरच्या धुण्याने निघत नाही, त्याला विरघळायला वेळ द्यावा लागतो. रेल भिजवण्याएवढी मोठी बादली नसते, म्हणून त्यांच्यावर ओलं सुती फडकं गुंडाळून ठेवतो आणि ते दोन-तीनदा धुऊन पुन्हा गुंडाळतो.

मग तेलाची परीक्षा. धुतलेल्या भागावर गोडं पाणी ओता आणि तिरका धरा. पाण्याचा एकसंध पडदा सरकत गेला तर भाग स्वच्छ आहे. पाणी तुटून थेंब थेंब झालं, अळवाच्या पानावर होतं तसं, तर तिथे मेण, तेल किंवा सिलिकोन आहे. ती जागा पुन्हा शाम्पूने धुवा, वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका फडक्याने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. नुसतं वाळू दिलं तर विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका. एबीएस थिनरने मऊ होतं, त्याला बारीक तडे जातात आणि ते तडे रंगातून वर दिसतात.

आंब्याच्या बागेत गाडी उभी राहत असेल तर एक गोष्ट वेगळी करावी लागते. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट द्रव टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते. ती शाम्पूने सहज निघत नाही. कोमट पाण्याचं फडकं पंधरा मिनिटं ठेवून आधी मऊ करा, मग घासा. कोरडी खरवडली तर खालचा रंगही निघतो.

हे सगळं वॉटर पेपर हातात घेण्याच्या आधी करायचं. मिठासकट घासलं तर मीठ ओरखड्यांत दाबलं जातं. घासून झाल्यावर पुन्हा एकदा धुणं आहेच.

घासणं

वॉटर पेपर नेहमी ओला वापरा. भुकटी उडत नाही आणि पेपर भरत नाही. सुटलेले पापुद्रे ३२० नंबरने काढा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). जिथे रंग संपतो आणि उघडं प्लास्टिक लागतं तिथे पायरी राहते. डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा, पायरी लागली तर ४०० नंबरने आणखी घासून उतार करा. डोळ्यांना न दिसलेली पायरीही रंगाखालून हमखास दिसते. शेवटी सगळा भाग ६०० नंबरने एकसारखा निस्तेज करा. कुठेही चमक उरली नाही पाहिजे. सपाट पेपर जात नाही अशा खाचांत करड्या रंगाचा नायलॉनचा स्कफ पॅड वापरा.

धातूच्या भागांचं घासणं वेगळं. अ‍ॅल्युमिनियमच्या रेलवर रंगाखालून गांडुळासारख्या वळणावळणाच्या बारीक रेषा दिसतात, किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार होतं. ओरखड्यातून खार आत शिरतो आणि गंज रंगाखालून वाट काढत पुढे सरकतो. रेषेच्या टोकाला, म्हणजे जिथे रंग अजून चांगला दिसतो तिथे, तो जिवंत असतो. म्हणून दिसणाऱ्या रेषेपुढे निदान बोटभर रंग काढायचा आणि चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं. पांढरी पूड राहिली तर तो गंज नव्या रंगाखालून पुन्हा चालू लागतो. माझे पहिले फोड यातूनच आले होते. वायपरचे आर्म लोखंडी असतात, त्यांचा तांबडा गंज तारेच्या ब्रशने आणि १८० नंबरने काढा, मग बारीक नंबरांवर या. उघडा धातू रात्रभर तसाच ठेवू नका. दमट हवेत तो काही तासांत गंजायला लागतो. म्हणून धातूचं घासणं, पुन्हा धुणं, पुसणं आणि प्रायमर हे सगळं एकाच सकाळी करतो. आदल्या दिवशी उरकायचा नियम फक्त प्लास्टिकला.

खोल ओरखडे, दगड लागून पडलेले टवके असतील तर प्लास्टिकसाठीची लांबी (पुटी) भरा. पत्र्याची लांबी प्लास्टिकवर लवचीक राहत नाही, तडकते.

जुना रंग कारखान्याचा आहे की मध्येच कुणी मारलाय याची शंका असेल तर लपलेल्या कोपऱ्यात, रंगावरच, कापसाला थोडं थिनर लावून चोळा. कापसाला रंग आला तर तो हवेवर वाळलेला साधा रंग आहे. त्यावर नवा स्प्रे मारला तर खालचा थर सुरकुतू शकतो. तो पूर्ण काढूनच पुढे जा.

प्रायमर

पीपी प्लास्टिकला आधी चिकट प्रायमरचा एक पातळ हात. तो घासायचा नसतो, आणि डब्यावर दिलेल्या मुदतीतच त्यावर पुढचा थर यायला हवा. अ‍ॅल्युमिनियमला एच (etch, म्हणजे धातूला धरून बसणारा) प्रायमर किंवा गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, लोखंडाला इपॉक्सी. एबीएसला किंवा चांगला जुना रंग शिल्लक असलेल्या भागाला साधा प्रायमर सरफेसर पुरतो. दोन पातळ हात मारा, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. वाळल्यावर ८०० नंबरने ओलं घासा, धुवा, पुसा. प्रायमरने राखाडी झालेल्या भागावर सगळे राहिलेले खड्डे उघडे दिसतात. रंग मारल्यावर ते दिसण्यापेक्षा आत्ता दिसलेले बरे.

रंग

बॉडीच्या रंगासाठी रंगाचा कोड लागतो. तो गाडीनुसार ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. रंग मिसळून देणारी दुकानं कोडावरून रंग बनवून स्प्रे कॅनमध्ये भरून देतात. नऊ वर्षं उन्हात राहिलेली गाडी कोडापेक्षा थोडी फिकी झालेली असते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, गाडीशेजारी उन्हात धरून पाहा. लाल आणि चंदेरी रंगांत हा फरक जास्त जाणवतो. रेल आणि वायपरला सॅटिन काळा घ्या. चकचकीत काळा मूळचा दिसत नाही आणि त्यावर मिठाचे डाग चटकन उठून दिसतात.

आमच्याकडे रंगकाम मागच्या पडवीत होतं. तासभर आधी खळ्यावर पाणी शिंपडून धूळ बसवतो. कव्हरं वाश्याला तारेने टांगतो. जमिनीवर ठेवून मारलं तर खालच्या कडा कोऱ्या राहतात आणि धूळ उडून बसते. मारण्याआधी चिकट फडक्याने (धूळ टिपायचं टॅक क्लॉथ) हलकेच पुसा, दाब देऊ नका.

कॅन आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. थंड सकाळी कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ कधीही नाही. भागापासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बटण भागाच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. मनगट वळवून कमानीत फवारलं की मध्ये रंग जाड आणि कडेला विरळ होतो.

पहिला हात इतका पातळ असतो की खालचा प्रायमर दिसत राहतो. तो तसाच राहू द्या. दहा मिनिटांनी दुसरा, आणखी दहा मिनिटांनी तिसरा. तीन पातळ हातांनी जे होतं ते एका जाड हाताने होत नाही, जाड हात ओघळतो. ओघळ आलाच तर ओल्यात बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, ८०० नंबरने सपाट करा आणि पुन्हा एक हात मारा. रंग दुधाळ दिसायला लागला तर लगेच थांबा, भाग घरात न्या. हवा कोरडी असताना पुढचा पातळ हात मारला की बहुधा तो दुधाळपणा जातो.

क्लिअर कोट

बॉडीच्या रंगाच्या भागांवर क्लिअर कोट लागतोच. साधा क्लिअर घरी मारायला सोपा, पण किनाऱ्यावरच्या उन्हात आणि पेट्रोलच्या थेंबाने तो लवकर मऊ पडतो. टू के क्लिअर, ज्यात हार्डनर मिसळायचा असतो, तो इथल्या हवेला पुरून उरतो. स्प्रे कॅनमध्येही मिळतो. कॅनच्या बुडाची पिन दाबून हार्डनर आत सोडायचा, आणि नंतर तो डबा एक-दोन दिवसांत संपवायचा. नंतर तो आत घट्ट होतो.

पण यात आयसोसायनेट असतं. श्वासातून गेलं तर त्याने दमा जडू शकतो आणि एकदा त्याची बाधा झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क यांचा त्यावर काही उपयोग नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज आणि फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, चष्मा, मोकळी जागा एवढं असेल तरच घरी मारा. लहान मुलं, आजी-आजोबा, घरातली गुरं वारा वाहत जातो त्या बाजूला नकोत. यातलं काही जमत नसेल तर रंगापर्यंतचं काम घरी करा आणि क्लिअरसाठी भाग गॅरेजमध्ये द्या. आमच्या शेजाऱ्यांचं मी असंच केलं. त्यांच्या नातवाला धाप लागते.

क्लिअरचा पहिला हात हलका, दुसरा भरीव, ओला दिसेल असा. सॅटिन काळ्यावर क्लिअर मारायची गरज नसते.

वाळवणं, तपासणं, बसवणं

भाग घरात, धुळीपासून लांब ठेवा. हाताला न चिकटणं वेगळं आणि वाळणं वेगळं. साधा रंग निदान एक दिवस, टू के क्लिअर एक-दोन दिवस जाऊ द्या, मगच खटके दाबून बसवा. घाई केली तर बोटांचे ठसे कायमचे राहतात.

बसवण्याआधी मी कव्हराच्या आत दडणाऱ्या कडेवर ब्लेडने बारीक फुली मारतो, त्यावर टेप घट्ट दाबतो आणि झटक्यात ओढतो. टेपला रंग आला नाही तर रंग बसलाय. आला तर आत्ताच कळलेलं बरं, कारण गाडीवर गेल्यावर हे जूनमध्ये कळतं. फुलीच्या जागी मग ब्रशने रंगाचा थेंब लावून ती बंद करायची. धातूच्या भागाला ही परीक्षा नको, तिथे ओरखडा म्हणजे गंजाला आमंत्रण.

क्लिअरमध्ये धुळीचे कण बसले असतील तर आठवड्याने २००० नंबरने ओलं घासून पॉलिश करा. मेण किंवा सीलंट महिनाभर लावू नका, आतला द्राव पूर्ण उडायला तेवढे दिवस लागतात. महिनाभर गाडी साध्या गोड्या पाण्याने धुवायची, प्रेशर मशीन नको.

त्यानंतरची देखभाल दर आठवड्याच्या पाण्याची. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेलीत तर त्याच संध्याकाळी धुवा. रेलच्या बुडाशी, आरशाच्या सांध्यात आणि वायपरच्या मुळाशी पाणी जाऊ द्या, खार तिथेच लपतो. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, सीलंटचा एक हात. नवरात्रात पाऊस ओसरला की रेलची खालची कड आणि बोल्टांची भोवतालची जागा बोटाने चाचपून पाहतो. यंदा उजव्या रेलच्या मागच्या बोल्टापाशी तिळाएवढा एक फोड लागला. डिसेंबरात तो रेल उतरवून तेवढीच जागा धातूपर्यंत घासायची आहे, इपॉक्सी घरात आणून ठेवलंय.